टिळकांचे तीन जामीन आणि एक जुना मराठी शब्द

(१) धागा. ४ ऑगस्ट १८९७. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी ह्यांच्यासमोर बॅरिस्टर दिनशा दावर उभे होते. त्यांचे अशील बाळ गंगाधर टिळक कोठडीत होते. खटला उभा राहीपर्यंत त्यांना जामिनावर सोडावे, एवढीच दावरांची मागणी होती. तय्यबजींनी ती मान्य केली.

२ जुलै १९०८. तेच न्यायालय, तोच आरोपी, राजद्रोहाचे तेच १२४-अ कलम. ह्या वेळी जामिनाचा अर्ज मांडणारे बॅरिस्टर होते मोहम्मद अली जिना आणि न्यायासनावर होते दिनशा दावर. त्यांनी अर्ज फेटाळला.

(२) ही गोष्ट आपल्याकडे एका विशिष्ट सुरात सांगितली जाते. वकील असताना एक, खुर्ची मिळाल्यावर दुसरे! दोन वर्षांपूर्वी मीही ती तशीच सांगितली होती. तय्यबजी नायक, दावर खलनायक. तो धागा पुष्कळ फिरला. आज तो पुन्हा वाचताना वाटते की मी गोष्ट सांगितली आणि प्रश्न मात्र गमावला. प्रश्न दावरांच्या निष्ठेचा नव्हता. आरोप सिद्ध होण्यापूर्वी माणसाला मोकळे ठेवायचे की कोंडायचे हे ठरवताना न्यायाधीशाने स्वतःला नेमके काय विचारायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे अर्धे उत्तर आपल्या भाषेत फार पूर्वीपासून पडून आहे.

(३) प्रथम शब्द पाहू. ‘जामीन’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ हमी घेणारा माणूस. जुन्या मराठी कागदांत जामीन ‘मिळत’ नाही, जामीन ‘राहतो’. अमक्याला तमका जामीन राहिला, आणि त्याने तसे लिहून दिले की तो झाला जामीनकतबा. आज आपण ‘त्याला जामीन मिळाला’ असे म्हणतो तेव्हा सुटका डोळ्यांपुढे असते. जुन्या लेखनिकाच्या डोळ्यांपुढे मात्र शब्द देणारा दुसरा माणूस असे.

(४) ह्या जामिनाचे प्रकारही होते. हाजीरजामीन म्हणजे बोलावणे येताच माणसाला हजर करण्याची हमी. मालजामीन म्हणजे देणे फेडले जाईल ह्याची हमी. फैलजामीन म्हणजे माणूस पुढे नीट वागेल ह्याची हमी. तीन वेगळ्या शंका, म्हणून तीन वेगळ्या हम्या. माणूस येईल का, पैसा येईल का, आणि वर्तन सुधारेल का? जुन्या कारभाराचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या काळच्या शिक्षा आणि कोठड्या आपल्याला सहन होणार नाहीत. मला हवी आहे ती एवढीच वर्गवारी. ती हाती धरून टिळकांच्या तीन प्रसंगांकडे पाहू या.

(५) त्या काळचा कायदा थोडक्यात. गुन्ह्यांचे जामीनपात्र आणि अजामीनपात्र असे दोन वर्ग. राजद्रोह अजामीनपात्र. आरोपी दोषी असावा असे मानायला सबळ कारण दिसत असेल, तर मॅजिस्ट्रेटने अशा गुन्ह्यात त्याला सोडू नये, असा सर्वसाधारण नियम. मात्र उच्च न्यायालयाला कोणत्याही प्रकरणात जामीन देण्याचा स्वतंत्र आणि व्यापक अधिकार होता. म्हणजे ‘अजामीनपात्र’ ह्याचा अर्थ जामीन अशक्य असा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. तो हक्क म्हणून मागता येत नाही, न्यायाधीशाच्या विवेकाधीन असतो, एवढाच त्याचा अर्थ.

(६) आता १८९७. पुण्यात प्लेग, आणि प्लेगनिवारणाच्या नावाखाली घराघरांत शिरणारे सोल्जर. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी समारंभाहून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचे प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तिथेच गेले, रँड ३ जुलैला. मारेकरी सापडत नव्हते. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रे ‘केसरी’कडे बोट दाखवत होती. १५ जूनच्या अंकातील शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त आणि एक कविता ह्यांवरून २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली.

(७) मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात पहिला अर्ज गेला तो न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती म. गो. रानडे ह्यांच्यापुढे. त्यांनीही २९ जुलैला तो नाकारला, मात्र पुन्हा अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवली. रानडे आणि टिळक ह्यांचे सार्वजनिक वैर सर्वांना ठाऊक होते, म्हणून ह्या नकारावरही पुष्कळ तर्क लढवले गेले आहेत. मी त्या वाटेला जात नाही. २ ऑगस्टला खटला सेशन्सकडे सोपवला गेला आणि दोनच दिवसांनी दावर तय्यबजींपुढे उभे राहिले.

(८) तय्यबजी कोण होते? १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, मुंबईतले नामांकित बॅरिस्टर आणि १८९५ पासून उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. टिळकांच्या राजकारणाशी त्यांचा सूर जुळणारा नव्हता. सरकारचा विरोध ठाम होता आणि गोऱ्या मुंबईत रँडच्या खुनाचा संताप ताजा होता. त्या दिवशी जामीन देणे सोयीचे मुळीच नव्हते.

(९) त्यांच्या विचाराचा आशय असा की जामिनाच्या वेळी पाहायचे ते आरोपी खटल्याला सामोरा येईल की नाही हे. येईल असे वाटत असेल तर त्याला कोंडून ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. खटला महिनाभर दूर आहे. हा काळ त्याला तुरुंगात काढायला लावला आणि शेवटी तो निर्दोष ठरला, तर ती न्यायाची विटंबना होईल.

आपल्या जुन्या वर्गवारीत बोलायचे तर तय्यबजींनी हाजीरजामिनाचा प्रश्न विचारला आणि त्याच प्रश्नाचे उत्तर दिले. दुसऱ्या कोणत्याही शंकेला त्यांनी त्याच्या अंगावर चढू दिले नाही.

(१०) ह्या तर्कातील कणा नीट पाहा. जामीन देण्याची चूक झाली तर ती बहुधा सुधारता येते. माणूस पळाला तर वॉरंट निघते, हमीदाराची रक्कम जप्त होते. जामीन नाकारण्याची चूक मात्र कधीच सुधारता येत नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाला गेलेले दिवस परत करण्याची तरतूद जगातील कोणत्याही कायद्यात नाही. दोन चुकांचे वजन सारखे नाही, आणि वजन सारखे नसेल तर तागडीची दांडी आधीच थोडी मोकळिकीच्या बाजूला कललेली असायला हवी.

(११) पुढे काय झाले? टिळक पुण्याला गेले आणि बचावाची तयारी करू लागले. त्यांच्यासाठी निधी जमला, त्यात बंगालनेही हात दिला, कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. क्षमा मागून प्रकरण मिटवावे असा सल्ला हितचिंतकांकडून आला आणि त्यांनी तो नाकारला. आणि ८ सप्टेंबरला, ठरल्या दिवशी, ते न्यायमूर्ती स्ट्रॅची ह्यांच्यासमोर हजर झाले. १४ सप्टेंबरला ज्यूरीने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांना दोषी ठरवले. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

(१२) इथे अनेक वाचक थबकतात. दोषी ठरले, म्हणजे तय्यबजी चुकले का? अजिबात नाही. जामीन ही निर्दोषत्वाची पावती नव्हती, म्हणून शिक्षा हा जामिनाचा पराभवही नव्हता. आरोपी आला, त्याने बचाव केला, निकाल लागला. जामिनाने जे काम करायचे ते पूर्ण झाले होते. आजही कोणाला जामीन मिळाला की ‘सुटला!’ असा एक सूर उठतो आणि कोणाला नाकारला की ‘बघा, न्यायालयालाही पटले’ असा दुसरा. दोन्ही सूर एकाच गैरसमजातून येतात.

(१३) आता १९०८. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि केनेडी कुटुंबातील दोन स्त्रिया मृत्यू पावल्या. ‘केसरी’त १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख आले. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात टिळकांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. २ जुलैला जिनांनी उच्च न्यायालयात अर्ज मांडला. मुद्दे बहुतांशी तेच होते, जे अकरा वर्षांपूर्वी ऐकणाऱ्या न्यायमूर्तींनीच मांडले होते.

(१४) दावरांनी अर्ज फेटाळला. खटला अजून चालायचा असल्यामुळे ह्या टप्प्यावर कारणांची चर्चा करणे इष्ट नाही, अशी त्यांची भूमिका होती. ११ दिवसांनी, १३ जुलैला, त्यांच्याच न्यायासनासमोर खटला सुरू झाला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण अनेक दिवसांत मिळून सुमारे २१ तास चालले. सात युरोपियन आणि दोन पारशी अशा नऊ जणांच्या ज्यूरीने २२ जुलैला ७ विरुद्ध २ मतांनी निर्णय दिला. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड. टिळक मंडालेला गेले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

(१५) दावरांना ‘गद्दार’ म्हणणे मी आता सोडले आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की वकिलाचा युक्तिवाद हे त्याचे वैयक्तिक मत नसते. अशिलासाठी जोरकस मांडणे हा त्याचा धर्म, आणि न्यायासनावर बसल्यावर पूर्वीच्या अशिलाला झुकते माप न देणे हाही धर्मच. १८९७ चा बॅरिस्टर १९०८ च्या न्यायाधीशाला बांधून ठेवू शकत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. व्यक्तीला शिवी दिली की व्यवस्थेचा दोष दृष्टीआड होतो.

(१६) व्यवस्थेचा दोष कोणता? माझ्या मते तो नकारात कमी आणि मौनात अधिक आहे. दावरांना काही भीती वाटली असेल. टिळक पळून जातील असे तर कोणालाच वाटत नव्हते. हा माणूस १८९७ साली सांगितल्या दिवशी हजर झालेला होता. मग भीती कसली? पुन्हा लेख लिहितील ह्याची? मुंबईत दंगा होईल ह्याची? तसे असेल तर तो प्रश्न हाजीरजामिनाचा उरला नाही, तो फैलजामिनाचा झाला. पण कारणच उघड न झाल्यामुळे त्या भीतीला कोणी उत्तर देऊ शकले नाही. लिहिणार नाही अशी अट घातली असती तर टिळकांनी ती मानली असती का, हेही आपल्याला कळू शकत नाही. कारणे लिहिली की त्यांच्याशी वाद घालता येतो. मौनाशी कोणी वाद घालावा?

(१७) तिसरा प्रसंग सर्वांत कमी सांगितला जातो, आणि माझी वर्गवारी तिथेच कसाला लागते. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर इथल्या होमरूलवरील भाषणांबद्दल सरकारने टिळकांवर खटला भरला नाही. त्यांच्याकडून वर्षभराच्या सद्वर्तनाची हमी मागितली. नोटीस पोहोचली ती २३ जुलैला, त्यांच्या साठाव्या वाढदिवशी. मॅजिस्ट्रेटने २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि १०,००० रुपयांचे दोन जामीनदार देण्याचा हुकूम केला. हा शब्दशः फैलजामीन! बचावाला पुन्हा जिना होते. ९ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने, म्हणजे न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा ह्यांनी, भाषणे समग्रपणे विचारात घेऊन तो हुकूम रद्द केला.

(१८) आता तिन्ही प्रसंग शेजारी ठेवा. १८९७ साली प्रश्न स्पष्ट होता, उत्तर स्पष्ट मिळाले. १९१६ सालीही प्रश्न स्पष्ट होता, वर्तनाचा. तो उघडपणे विचारला गेला म्हणूनच वरच्या न्यायालयाला तो तपासून खोडता आला. १९०८ साली मात्र नाव हजेरीच्या जामिनाचे होते आणि आत नेमकी कोणती शंका होती ते कागदावर आलेच नाही. तीन प्रसंगांत सर्वांत कठोर परिणाम ह्याच प्रसंगाचा झाला, आणि सर्वांत कमी स्पष्टीकरणही ह्याचेच मिळाले. माझे म्हणणे एवढेच आहे की स्वातंत्र्य हिरावणारी शंका आधी तिच्या खऱ्या नावाने लिहिली गेली पाहिजे.

(१९) ‘एका थोर पुढाऱ्याची गोष्ट, त्याचा आमच्याशी काय संबंध?’ असे कोणी विचारील. म्हणून मीरतकडे वळू. २० मार्च १९२९ ला देशभर धरपकड झाली. मुंबईचे डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे, अधिकारी असे कामगार पुढारी मीरतला नेले गेले. निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये, म्हणजे जवळपास चार वर्षांनी. आरोपींपैकी पुण्याचे वयोवृद्ध ठेंगडी निकालापूर्वीच वारले. ते दोषी होते की निर्दोष, हे न्यायालयाला सांगताच आले नाही. ऑगस्ट १९३३ मध्ये अपिलात अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेकांना सोडले, बहुतेकांच्या शिक्षा घटवल्या.

(२०) ह्याच प्रकरणातील आरोपी हचिन्सन ह्यांच्या जामिनाच्या अर्जावर १९३१ साली त्या न्यायालयाने मांडलेले तत्त्व पुढे स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी वारंवार आठवले. जामीन देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद असावा. मोकळा माणूस कोंडलेल्या माणसापेक्षा आपला बचाव कितीतरी चांगला करू शकतो. टिळकांच्या २१ तासांच्या भाषणाचे आपण कौतुक करतो. त्यांच्याजागी कायदा न जाणणारा, लिहिता-वाचता न येणारा माणूस कोठडीत असता, तर त्याने काय केले असते?

(२१) आता पैशाकडे. १८९७ साली तय्यबजींनी घातलेली अट होती ५०,००० रुपयांचा जातमुचलका आणि २५,००० रुपयांचे दोन जामीनदार. ज्या मुंबईत गिरणी कामगाराचा महिन्याचा पगार दोन आकडी होता, त्या मुंबईतल्या ह्या रकमा. टिळकांसाठी शेठ द्वारकादास धरमसी ह्यांच्यासारखे धनिक पुढे आले. तय्यबजींच्या निर्णयाची थोरवी मान्य करूनही म्हणावे लागते की ते दार उघडले, पण त्याचा उंबरठा बहुतेकांना ओलांडता येणार नाही इतका उंच होता.

(२२) एक घरची गोष्ट. माझ्या आजोळी मामांच्या शेतावर कामाला येणाऱ्या एका गड्यावर मारामारीचा गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने जामीन मंजूर केला. तरीही तो सतरा दिवस आतच होता, कारण जामीनदार म्हणून उभा राहील अशा माणसाकडे स्वतःच्या नावाचा सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा, रेशन कार्ड हवे. त्याच्या सगळ्या नात्यागोत्यात कोणाच्याही नावावर गुंठाभर जमीन नव्हती. शेवटी मामा उभे राहिले. मी त्यांना विचारले, ‘मामा, भीती नाही वाटली?’ ते म्हणाले, ‘अरे, तो पळून जाणार कुठं? म्हातारी आहे घरात, दोन पोरं आहेत. तारखेला येणारच की.’

कायद्याचे एक अक्षरही न वाचलेल्या मामांनी नेमका हाजीरजामिनाचा प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर माणूस ओळखून दिले होते.

(२३) सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ साली आलेले मोतीरामचे प्रकरण ह्याच जातीचे. मोतीराम मध्य प्रदेशातील एक गवंडी. जामीन देण्याचा आदेश खुद्द सर्वोच्च न्यायालयाचा, पण खाली मॅजिस्ट्रेटने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढे आला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणातून बिहारच्या तुरुंगांतील असे कच्चे कैदी समोर आले, ज्यांनी आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खटल्याविना काढला होता.

(२४) हे जुने झाले असे समजू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चार कैद्यांपैकी सुमारे तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद केली आहे. पाऊल चांगले आहे. पण ज्याला मंजूर झालेला जामीनही जामीनदाराअभावी भरता येत नाही, त्याचे काय?

(२५) आता विरुद्ध बाजू, कारण ती टाळली तर हा धागा प्रामाणिक राहणार नाही. गावातल्या सत्ताधारी घरातील आरोपी सुटतो आणि दुसऱ्या दिवशी फिर्यादीच्या दारावरून मोटारसायकल फिरवतो, तेव्हा त्या फिर्यादीला हाजीरजामिनाचे तत्त्वज्ञान कोणत्या तोंडाने सांगायचे? मारहाण करणारा नवरा, अत्याचार करणारा सावकार, साक्षीदाराला धमकावणारा गुंड; हे हजर तर राहतील, पण तोवर साक्ष उरेल का? ही शंका खरी आहे आणि तिच्यापायी जामीन नाकारावा लागण्याचे प्रसंगही खरे आहेत.

(२६) पण माझा आग्रह इथेही तोच आहे. ही शंका असेल तर ती लिहा. कोणता साक्षीदार, कोणती धमकी, कोणता पुरावा नष्ट होण्याचा धोका, हे सांगा. तालुक्यात येऊ नको, फिर्यादीशी संपर्क ठेवू नको, अशा अटींनी ती शंका दूर होते का ते आधी पाहा. होत नसेल तर नाकारा, आणि का होत नाही तेही लिहा. ‘गुन्हा गंभीर आहे’ एवढे वाक्य पुरेसे नाही. आरोप गंभीर असणे आणि आरोपी दोषी असणे ह्यांत जे अंतर आहे, ते मोजण्यासाठीच तर खटला असतो.

(२७) म्हणूनच विशेष कायद्यांतील जामिनाच्या तरतुदी मला अस्वस्थ करतात. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००८ साली आलेल्या तरतुदीनुसार, कागदपत्रे पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटत असेल तर जामीन देता येत नाही. म्हणजे आरोपी येईल का, हा प्रश्न मागे पडतो आणि खटल्याचा प्रश्न जामिनाच्या दिवशीच विचारला जातो, तोही प्रामुख्याने एका बाजूच्या कागदांवरून. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने के. ए. नजीब प्रकरणात म्हटले की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर अशा कायद्यातही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. त्याच वर्षी जुलैमध्ये ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी मुंबईत वारले. त्यांचा जामिनाचा प्रश्न तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात प्रलंबित होता. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचे मत काहीही असो, ते दोषी होते की नाही हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. मीरतच्या ठेंगडींसारखेच.

(२८) सारांश. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला १८९७ चा तय्यबजींचा निर्णय १९०८ च्या शिक्षेइतकाच स्मरणीय वाटतो. मुंबई उच्च न्यायालयात त्या शिक्षेची आठवण देणारी संगमरवरी शिला आहे. टिळकांचे धैर्य आपण तिथे वाचतो. पण धैर्य हा अपवादात्मक माणसाचा गुण झाला. सामान्य माणसाला धैर्यावाचूनही न्याय मिळावा ह्यासाठी व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था तय्यबजींच्या त्या साध्या प्रश्नात आहे. हा माणूस तारखेला येईल का? येईल असे वाटत असेल, आणि दुसरी कोणतीही शंका नावानिशी लिहिता येत नसेल, तर त्याला घरी जाऊ द्यावे.

(२९) धागा इथे थांबवतो. एक विनंती आहे. तुमच्या घरच्या दप्तरात, पोथ्यांच्या बासनात मोडीतले जुने कागद असतील आणि त्यांत कोठे ‘हाजीरजामीन’ किंवा ‘जामीनकतबा’ हे शब्द दिसले, तर छायाचित्र काढून पाठवा. कोण कोणासाठी उभे राहिले होते, ते आपण मिळून वाचू. आणि गावात कोणी जामीनदाराअभावी आत असेल, तर तुमच्या घरच्या सातबाऱ्याकडेही एकदा पाहा.